प्रयागबाईचं कोपर

मैना म्हैस प्रयागबाईशिवाय कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही, हे शेळगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. प्रयागबाईचे मालक हिंदुराव एकदा हट्टानं बसले धारेला. गावच्या दूध संस्थेचे चेअरमन ते, दूध कसं काढावं हे अख्ख्या गावाला शिकवणारा माणूस. पण मैनेला चेअरमन काय आणि गडी काय! अशी लाथ घातली की बादली एकीकडं, टोपी एकीकडं आणि चेअरमन शेणात. पुढं लेकानं, इंद्रजितनं, गायांसाठी धारेचं मशीन आणलं. गाया बिचाऱ्या निमूट उभ्या राहिल्या. मैनेनं नुसता मशीनचा आवाज ऐकला आणि पान्हा चोरून बसली. बरं, विकून टाकावी म्हटलं तर दूध असं दाट की दूध केंद्रावरचा संदेश फॅटचा आकडा बघून पुन्हा एकदा मोजायचा. मग काय, सकाळ-संध्याकाळ प्रयागबाईच. ताप असो नाहीतर घरात पाहुणे असोत. लेकीच्या लग्नात भर मांडवातनं उठून, शालू वर खोचून धार काढून आली होती बाई.

धार काढायची तिची तऱ्हा माहेरची. सड मुठीत धरायचा, अंगठा आत मुडपायचा आणि अंगठ्याच्या पेरावर दाबून ओढायचं. अशा धारेचा आवाज बादलीत लांबपर्यंत ऐकू जायचा आणि प्रयागबाईला त्याचा अभिमान होता. पण चाळीस वर्षं असं ओढल्यावर हात थोडाच गप्प बसतोय! उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला आधी नुसता ठणका लागला. मग भाकरी थापताना कळ, लुगडं पिळताना कळ. शेवटी चहाचा कप उचलायलाही दुसरा हात लागायला लागला. धार मात्र चालूच. दात आवळून, मैनेच्या पोटाला कपाळ टेकून.

आता घरात सून फिजिओथेरपिस्ट असताना हे दुखणं लपणार कसं? राजलक्ष्मी फलटणकडची पोर. बारामतीला एका दवाखान्यात नोकरीला होती. इंद्रजित रोज तिला गाडीवरनं तिथं सोडायचा आणि पुढं आपल्या कंपनीत जायचा. गावानं सुरुवातीला तिला 'चोळणारी' म्हणून नाव ठेवलं, तेव्हा प्रयागबाई पदर खोचून भांडली होती. "चोळणारी कुणाला म्हणता रं? पाच वर्सं शिकून आलीय ती. तुमच्या घरातलं कुणी पाच दिवस तरी बसलं का कालेजात?" मग हळूहळू गावच्या बायका रविवारी ओसरीवर येऊ लागल्या. कुणाची मान, कुणाची कंबर. राजलक्ष्मी चहासुद्धा न घेता सगळ्यांना बघायची. तिचं एक स्वप्न होतं, इंदापूरला स्वतःचा दवाखाना. गाळा बघून झाला होता, पाटी रंगवून झाली होती, माघातल्या गणेश जयंतीचा मुहूर्त काढला होता आणि बारामतीची नोकरी संक्रांतीला सोडते म्हणून कळवूनही झालं होतं.

राजलक्ष्मीनं सासूचा हात हातात घेतला, तळवा खाली करून मनगट वर उचलायला लावलं, वरनं स्वतः दाब दिला. प्रयागबाई कळवळली.

"आई, याला टेनिस एल्बो म्हणतात."

"ह्या! म्या जल्मात कवा टेनिस खेळले गं? ह्यास्नी सांगू नगंस, गावभर करत्याल."

राजलक्ष्मी खळखळून हसली. मग ओसरीवर सासूला बसवून तिनं काम सुरू केलं. तिच्या अंगठ्याला दुखणं सापडायचं ते अगदी नेमकं. हाडाच्या टोकापाशी अंगठा टेकवून ती आडवं घासायची, उभं नाही, आडवंच. पहिल्यांदा जीव जायचा. जरा वेळानं ती जागा बधिर व्हायची आणि मग बरं वाटायला लागायचं. नंतर ती एका हातानं दंड धरायची, दुसऱ्यानं कोपराखालचं हाड हळूच बाहेर सरकवून तसंच धरून ठेवायची आणि म्हणायची, "आता मूठ आवळा." प्रयागबाईनं मूठ आवळली आणि तोंड उघडंच राहिलं. कळ नाही!

"काय जादू केलीस गं बाय?"

"जादू नाही, पण हे दोन दिवसांत संपत नाही. दीड महिना धार बंद. अंगठा मुडपून तर कधीच नाही, सगळा ताण त्यानंच कोपरावर येतो. आणि आई, कुठं जाऊन सुई टोचून घेऊ नका. पहिल्यांदा फार बरं वाटतं. पण सारख्या घेतल्या की हाडाला स्नायू बांधणारी जी दोरी असते ना, ती आतनं कुजते."

"सुईला तर मी लई भिते," प्रयागबाई म्हणाली आणि तेव्हा ते खरंच होतं.

पण दीड महिना धार बंद म्हणजे मैना आटलीच की! राजलक्ष्मी बारामतीला गेली की प्रयागबाई गुपचूप गोठ्यात बसायची. दुखणं वाढत गेलं. एका सकाळी हातातनं बादलीच निसटली, सगळं दूध शेणात गेलं, आणि हिंदुरावांनी गाडीला किक मारली. "बस मागं. बावड्याला जाऊ."

बावड्याला त्यांच्या भावकीतल्या एकाचा दवाखाना होता. त्यानं कोपरात सुई टोचली आणि दोन दिवसांत प्रयागबाईचा हात पोरीच्या हातासारखा हलका झाला. येताना हिंदुरावांनी बजावलं, "सुनंला कळता कामा न्हाय. घरात डाक्टरीण असून आपण भायेर सुया घेतो म्हटल्यावर तिलाच वाईट वाटंल." किती काळजी बघा सुनेची! प्रयागबाईला ते पटलं. महिन्याभरात दुखणं परत आलं, आधीपेक्षा चढून. परत बावडा. मग परत एकदा. सुईची भीती कधी गेली ते तिचं तिलाच कळलं नाही.

दुसऱ्या सुईनंतर काही दिवसांनी कोपरावर एक पांढुरका डाग उठला. रुपयाएवढा, मधे जराशी खळी पडलेला. रविवारी ओसरीवर राजलक्ष्मीचा अंगठा तिथं येऊन थांबला.

"आई, हे काय?"

"मैनेचं आंबोण शिजवताना पातेल्याची कड लागली गं. भाजलं जरा."

दुसरी कुणी बाई असती तर राजलक्ष्मीनं तिला समोर बसवून खरं ते काढून घेतलं असतं. भाजलेला डाग कसला असतो आणि सुईचा कसला, हे तिला कळत नव्हतं थोडंच! पण समोर सासू होती. आपल्यासाठी गावाशी भांडलेली सासू. तिला 'खोटं बोलताय का' असं विचारायचं तरी कुठल्या तोंडानं? सून ती शेवटी. तिनं क्षणभर सासूच्या डोळ्यांत बघितलं, प्रयागबाईनं नजर मैनेकडं वळवली, आणि राजलक्ष्मी म्हणाली, "मलम लावत जा."

संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू प्रयागबाईनं त्या साली दणक्यात केलं. कारण दुसरं काहीच नव्हतं, सुनेचा दवाखाना. सगळ्या गावाला कळू दे आमची सून काय चीज आहे ते! वाण म्हणून तिनं दवाखान्याचं नाव छापलेल्या स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या. ओसरी बायकांनी भरली. तिळगूळ झाला, उखाणे झाले, एकमेकींची चेष्टा झाली. मग पळसदेवला माहेर असलेली शकुबाई म्हणाली, "माझ्या भावजयीचा कोपर असाच व्हता. पुन्याच्या डाक्टरनं एक झटका दिला, टक्कन वाजलं आन बरा! तुझ्या सुनंला येतो का गं असला झटका?"

"न येऊन कसं चालंल!" प्रयागबाई तिथंच पाटावर बसली आणि तिनं उजवा हात पुढं केला. "राजलक्ष्मे, ये. दाव ह्यास्नी."

राजलक्ष्मी कुंकवाचा करंडा हातात घेऊन उभी होती. "आई, आत्ता नको. तो सगळ्यांना द्यायचा नसतो. आधी नीट तपासून, शेकून..."

"तपासतीस काय! तीन-चार महिनं झालं तपासतीस. हात बघ की, कसा मोकळा झालाय." आणि तिनं कोपर ताठ करून दाखवलं. मोकळा झाला होता खरा. चारच दिवसांपूर्वी बावड्याची सुई लागली होती ना!

बायका आग्रह करायला लागल्या. दोघी-तिघींनी मोबाइल काढले. राजलक्ष्मी खाली बसली, सासूचा हात हातात घेतला आणि वाकून हळू आवाजात विचारलं, "आई, खरंच कुठं सुई नाही ना घेतली?"

हीच ती वेळ होती. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पण सगळ्यांच्या नजरा तिच्यावर, गाव जमलेला, आणि सुनेचं कौतुक करायची हौस अशी उतू गेलेली की प्रयागबाई मोठ्यानं, ओसरीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी बोलली, "सुई? घरात अशी सून असताना मी दुसऱ्याच्या दारात सुई घ्याया जाईन व्हय?"

बायका हसल्या. राजलक्ष्मीही हसली, तिच्या कपाळावरची आठी गेली. तिनं सासूचं मनगट दुमडलं, हात आत वळवला, कोपराखाली दुसरा हात लावला आणि एकच छोटा झटका दिला.

टक्क वाजलं नाही. ओलं फडकं टराटरा फाडावं तसा आवाज आला आणि प्रयागबाईची किंकाळी गोठ्यापर्यंत गेली. मैना हंबरली. प्रयागबाईचा पंजा लोंबायला लागला, वर उचलेचना. बघता बघता कोपर सुजून टरारलं. राजलक्ष्मी 'आई, आई' म्हणत तो हात दोन्ही हातांनी धरून बसली होती. हळदीकुंकवाच्या वाट्या कुणाच्या तरी पायाखाली घरंगळत गेल्या.

बारामतीच्या दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांनी फोटो वर धरून बघितले. खोलीत सगळेच होते. हिंदुराव खुर्चीवर, इंद्रजित दाराशी, राजलक्ष्मी खाटेच्या पायथ्याला. "दोरी हाडापासून निघालीय. ऑपरेशन करून टाचावी लागेल. पण एका झटक्यानं चांगली दोरी अशी निघत नाही," डॉक्टर म्हणाले. "आजी, या कोपरात आधी सुया घेतल्या होत्या का?"

प्रयागबाईच्या ओठांवर 'व्हय' आलं होतं. अगदी आलं होतं. पण तेवढ्यात हिंदुराव खाकरले आणि ते खाकरणं ती चाळीस वर्षं ओळखत होती. फोटो काढायला नेताना बाहेर व्हरांड्यात त्यांनी तिच्या कानाशी सांगितलंच होतं, "बावड्याचं नाव निघालं तर भावकीत तोंड दाखवाय जागा ऱ्हाणार न्हाय. आन संस्थेची निवडणूक आलीय. सून काय, घरचीच हाय. चार दिवसांत लोक इसरत्याल."

"न्हाय," प्रयागबाई म्हणाली. "म्या न्हाय घेतल्या."

राजलक्ष्मीनं मान वर केली. तिनं सासूच्या तोंडाकडं बघितलं नाही. तिनं कोपरावरच्या त्या पांढऱ्या डागाकडं बघितलं, बराच वेळ, आणि मग खिडकीबाहेर. प्रयागबाईला वाटलं, हिनं आता बोलावं, ओरडावं, भांडावं. तिनं खाटेवरची चादर सासूच्या पायांवर नीट ओढली.

ऑपरेशन झालं. डॉक्टर राजलक्ष्मीला बाजूला घेऊन म्हणाले की आतली दोरी ओल्या कागदासारखी झाली होती. ते तिनं घरी येऊन इंद्रजितला सांगितलं. स्वयंपाकघरात पडल्या पडल्या प्रयागबाईला भिंतीआडनं लेकाचा आवाज ऐकू आला. "म्हणजे आई खोटं बोलतीय म्हणायचंय का तुला? आई? आगं, तुझ्यासाठी तिनं हळदीकुंकू केलं!" प्रयागबाईनं डाव्या हातानं पदर तोंडात कोंबला. आपला पोरगा आपल्यावर एवढा विश्वास ठेवतो, याचा तिला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला.

तोवर हळदीकुंकवाचा तो व्हिडिओ सुटला होता. आधी गावच्या ग्रुपवर, मग इंदापुरात, मग बारामतीत. कुणीतरी वर अक्षरं टाकली होती, 'सुनेनं मोडला सासूचा हात'. त्यात सगळं होतं. प्रयागबाईचा ताठ केलेला हात, तिचं ते मोठ्यानं बोललेलं वाक्य, बायकांचं हसणं आणि मग ती किंकाळी. राजलक्ष्मीनं वाकून विचारलेलं मात्र कुणाला ऐकू येत नव्हतं. ती हळू बोलली होती.

माघातल्या मुहूर्तावर दवाखाना उघडला. झेंडूचं तोरण लावलं, नारळ फोडला. राजलक्ष्मी नव्या टेबलामागं दिवसभर बसली. दुपारी एक माणूस आत डोकावला आणि झेरॉक्स मिळेल का म्हणून विचारून गेला. दुसऱ्या दिवशी तोही नाही. रविवारी ओसरीवर येणाऱ्या बायका आता वाट वाकडी करून जायच्या. शकुबाईची कंबर धरली होती, तीसुद्धा दुसरीकडं गेली. "सासूचा हात ठिवला न्हाय, आपला काय ठिवणार," असं ती पाणवठ्यावर म्हणाली म्हणे. बारामतीच्या जुन्या दवाखान्यात राजलक्ष्मी पुन्हा विचारून आली. तिथं तिच्या जागी दुसरी मुलगी बसली होती आणि सगळेजण तिच्याशी फार गोड बोलले. गोड बोलणं म्हणजे काय ते तिला कळलं. उन्हाळ्याच्या तोंडाला गाळ्याचं शटर खाली आलं. इंद्रजितनं पाटी टेम्पोत घालून घरी आणली आणि हिंदुरावांनी ती गोठ्यात पश्चिमेच्या बाजूला ठोकली, मैनेला ऊन लागू नये म्हणून. नाव आतल्या अंगाला.

आणि मैना? मैनेनं सगळ्यांचा जीव खाल्ला. प्रयागबाई नाही म्हटल्यावर तिनं पान्हा चोरला तो चोरलाच. कास दगडासारखी व्हायची, दिवसभर हंबरायची. हिंदुराव रोज पाय बांधून जेमतेम तांब्याभर काढायचे, गडीही लावून बघितला. व्यापारीही येऊन बघून गेला. मग एका संध्याकाळी प्रयागबाई दुखरा हात पोटाशी धरून गोठ्याच्या दाराशी आली आणि जागच्या जागी थबकली. मैनेच्या कासेला कुणीतरी प्रयागबाई बसली होती. तिचंच ते हिरव्या काठाचं जुनं पातळ, डोईवर तसाच पुढं ओढलेला पदर. मैना मान वळवून त्या पातळाचा वास घेत होती आणि बादलीत धार वाजत होती.

पदराआडनं राजलक्ष्मीचं तोंड दिसलं. पाच वर्सं शिकलेली पोर. फलटणहून आई-बापानं मोठ्या आशेनं दिलेली. ज्या अंगठ्याला माणसाचं दुखणं सापडायचं, तो अंगठा म्हशीच्या कासेला. भिंतीला धरून प्रयागबाई तिथंच खाली बसली आणि रडली. त्या दिवशी तिनं ठरवलं. भावकी गेली चुलीत, निवडणूक गेली चुलीत. आता बोलायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुराव कॅन घेऊन दूध केंद्रावर निघाले तर ही पाठोपाठ. तिथं नेहमीची गर्दी होती. संदेश आकडे सांगत होता, शकुबाई किटली घेऊन रांगेत होती. प्रयागबाई पायरीवर चढली.

"ऐका जरा समदी. माझ्या सुनंनं माझा हात मोडला न्हाय. म्या बावड्याला जाऊन तीनदा सुई घेतली व्हती. तिला चोरून. तिनं इचारलं तरी म्या खोटं बोलले. हळदीकुंकवात बी आन दवाखान्यात बी. शीर कुजली ती सुयांनी. पोरीचा काय दोष न्हाय, समदा दोष माझा हाय."

प्रयागबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. आता कुणी शिव्या देऊ दे. आता कुणी तोंडावर थुंकू दे.

शकुबाईनं किटली खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "माय माय माय! केवढं मन हाय गं तुझं, प्रयागा! हात गेला आन वर सुनंचा दोष आपल्या अंगावर घ्यायलीस?"

"अगं न्हाय! खरं सांगतीया!"

"आमी काय व्हिडिओ बघितला न्हाय व्हय? तुझ्या तोंडानंच म्हणालीस की, सुई कशाला घीन म्हणून."

"त्येच खोटं व्हतं गं! हे बघा, हितं डाग व्हता सुईचा," म्हणून प्रयागबाईनं घाईघाईनं बाही वर सारली. कोपरावर ऑपरेशनच्या टाक्यांची लांब रेघ होती. डॉक्टरांनी नेमकं तिथंच कापलं होतं. डाग कुठं राहिलाच नव्हता.

रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं हिंदुरावांकडं बघितलं. "चेअरमन, काय म्हंत्यात वहिनी? खरं हाय का?"

प्रयागबाईनंही त्यांच्याकडं बघितलं. जन्मात तिनं या माणसाकडं काही मागितलं नव्हतं. आज डोळ्यांनी मागितलं. एक शब्द. एवढा एकच शब्द बोला आणि मग जन्मभर काय म्हणाल ते ऐकते.

हिंदुरावांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. "बायकांचं मन असतं तसलं," ते हळू आवाजात म्हणाले. "चल घरी."

लोकांनी वाट करून दिली. एक नवी सून पुढं आली आणि प्रयागबाईच्या पाया पडली. दुसरीनंही वाकून नमस्कार केला. प्रयागबाई त्या पोरींना ढकलत, धडपडत पायरीवरनं उतरली. मागनं शकुबाईचा आवाज येत होता, "आन त्या सुनंला बघा, तोंड वर करून हिंडतीय."

दिवसभर प्रयागबाईनं अन्नाला हात लावला नाही. संध्याकाळी ती गोठ्यात गेली. राजलक्ष्मी तेच पातळ नेसून मैनेखाली बसली होती.

"बाय," प्रयागबाई म्हणाली, "मी आज केंद्रावर समदं सांगितलं. सुयांचं."

"कळलं मला." राजलक्ष्मीचा हात थांबला नाही. "शकुकाकूंचा फोन आला होता. म्हणाल्या, अशी सासू मिळायला नशीब लागतं. पाया पड तिच्या, म्हणाल्या."

म्हशीच्या पलीकडं ठोकलेल्या पाटीच्या कडेनं ऊन आत येत होतं. त्या उजेडात प्रयागबाईला सुनेचा हात दिसला. सड मुठीत धरलेला, अंगठा आत मुडपलेला आणि पेरावर दाबून ओढलेली धार. हुबेहूब तिच्यासारखी. बादलीत आवाजही तसाच होता.

"अगं, अंगठा मुडपू नगंस!" ती कळवळून ओरडली. "कोपर जाईल तुझं. तूच सांगितलं व्हतंस की मला!"

राजलक्ष्मीनं पदर मागं सारला आणि हळदीकुंकवानंतर पहिल्यांदा सासूच्या डोळ्यांत बघितलं.

"अंगठा न मुडपता काढून बघितलं, आई. ती पान्हा सोडत नाही. तिला तुमची सवय आहे."

मग तिनं बादली जवळ ओढली आणि पुढचे दोन सड धरले.